बाळंतिणीचा खवा

आमच्या गावच्या रस्त्यावर किती खड्डे आहेत हे कुणी मोजलेलं नाही. मी मोजलेत. लेक झाल्यावर तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुट्टी मिळाली आणि भावकीतल्या एकाच्या जीपमधून मी माहेरी निघाले, तेव्हा प्रत्येक खड्डा मी अंगावर घेतला. अंगावर म्हणजे नेमका कुठं, ते सांगायची आपल्याकडं पद्धत नाही. दवाखान्यात सगळे 'खाली' म्हणायचे. खाली दुखतंय का, खाली टाके आहेत, खाली कोरडं ठेवा. जसं काही मी दुमजली घर आहे आणि खालच्या मजल्यावर दुसरंच कुणीतरी राहतं.

टाके पाच होते. बाळाचं डोकं मोठं, म्हणून थोडं फाटलं, म्हणून शिवलं, एवढी साधी गोष्ट. पण बघायला येणारी प्रत्येक बाई बाळाचं नाक कुणावर गेलंय यावर अर्धा तास बोलायची. टाक्यांचं एकीनंही विचारलं नाही. मला वाटायला लागलं, बाळ ज्या दुपट्यात गुंडाळून आणलं त्याची तरी कुणी चौकशी करेल, माझी नाही.

आमचं गाव ईटच्या बाजूला, भूम तालुक्यात. इकडं दारोदारी म्हशी आणि जागोजागी खव्याच्या भट्ट्या. आमचीही एक आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळ-संध्याकाळ कढईत दूध आटवतात, किलोकिलोच्या पिशव्या भरून डीप फ्रीजमध्ये टाकतात आणि गाडी आली की सोलापूरला पाठवतात. भट्टीजवळ फ्रीज तापतो म्हणून तो घराच्या पडवीत ठेवलाय. आणि पडवीला लागूनच माझी, म्हणजे बाळंतिणीची, खोली. हा भूगोल लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

खोली आईनं आधीच तयार ठेवली होती. खिडकी बंद, वर गोधडी. मध्ये बाज आणि बाजेखाली शेगडी. शेगडीत गोवऱ्यांचे निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं. डोक्याला, कानाला फडकं. प्यायला कोमट पाणी, तेही आई देईल तेवढंच. गार वारा, गार पाणी, गार फरशी यांची नावंसुद्धा काढायची नाहीत. बाळंतिणीला गार लागलं की वात होतो आणि वात झाला की बाई जन्माची गेली, असं आईचं शास्त्र.

दवाखान्यातल्या सिस्टरचं शास्त्र बरोबर उलटं होतं. निघताना तिनं मला पडद्यामागं घेऊन भराभरा सांगितलं. सूज आहे तोवर बर्फ स्वच्छ कापडात गुंडाळून दहा मिनिटं ठेवायचा, उघडा कातडीला लावायचा नाही. लघवीला बसताना वरून कोमट पाण्याची धार सोडायची, म्हणजे झोंबत नाही. पाजताना कुशीवर झोपायचं. सूज उतरली की कोमट पाण्यात बसायचं. भाजीपाला खायचा, पाणी भरपूर प्यायचं, संडासला जोर करायची वेळ येऊ द्यायची नाही. आणि चारचौघांत वारा सरायची वेळ आली की आपण जसं आवळून धरतो, तसं धरायचं, सोडायचं, धरायचं, सोडायचं, दहापर्यंत मोजत. ताप आला, घाण वास आला, पू दिसला, तर मात्र घरी उपाय करत बसायचं नाही, सरळ इकडं यायचं. मी पदवीधर बाई. पण इतकं उपयोगाचं ज्ञान पंधरा वर्षांच्या शिक्षणात मला कुणी दिलं नव्हतं.

आई पडद्याच्या अलीकडं उभी राहून सगळं ऐकत होती. जीपमध्ये बसल्यावर तिनं एकच विचारलं, "तिला एखादं लेकरू हाय का?"

मला माहीत नव्हतं.

"मग तिला काय कळतंय," आई म्हणाली आणि बर्फाचा विषय तिथंच मिटला.

आईच्या डोक्यात बारावा दिवस होता. बारशाला कळंबहून माझ्या सासरची माणसं यायची होती. आमच्यात बारशाला बाळंतिणीला पाटावर पुरती मांडी घालून बसवतात, मांडीवर लेकरू देतात आणि सासू ओटी भरते. ओटीचं निमित्त, खरं म्हणजे ती परीक्षा असते. बाई मांडी घालून ताठ बसली तर माहेरानं बाळंतपण चांगलं केलं. कण्हली, वाकडी बसली, तर आईनं हयगय केली. बसायचं मी आणि पास-नापास व्हायचं आईनं. इकडं मला बाजेवर कूस बदलतानाच तेहतीस कोटी देव आठवत होते.

मांडीवरून आठवलं. आई स्वतः कधीच मांडी घालून बसत नाही. चुलीपुढं, भजनाला, लग्नाच्या पंगतीत, कुठंही असो, ती एका कुल्ल्यावर कलून बसते, एक गुडघा वर आणि एक हात जमिनीला टेकलेला. लहानपणी पाहुणे आले की मी तिची नक्कल करून दाखवायचे. तशीच कलून बसायचे, हात टेकायचे आणि तिच्या आवाजात "च्या घ्या की" म्हणायचे. सगळे पोट धरून हसायचे. आईही हसायची.

घरी पोचलो त्याच दुपारी शेक सुरू झाला. कंबरेला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण खालून धग लागली की टाके ठणकायला लागायचे. दवाखान्यानं गोळी दिली होती, ती मी घेत होते, पण गोळी एवढीशी आणि दुखणं केवढं मोठं. भट्टीवर अण्णा दूध आटवत होते आणि खोलीत आई मला. मी म्हणाले शेगडी काढ, ती म्हणाली सोस. मी पुन्हा म्हणाले, ती म्हणाली बारा दिवस सोसलंस की जन्मभर सुखी. मग मी एक शिवी दिली. ती मी आजवर फक्त जनावरांच्या बाजारात ऐकली होती. आईनं फक्त बाळाचे कान झाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई दुपटी धुवायला हौदावर गेली. बाळ झोपलं होतं. मी भिंत धरून उठले, पाय फाकवत पडवीत गेले आणि डीप फ्रीजचं झाकण उघडलं. तोंडावर गार हवा आली. बर्फ शोधला, पण आमच्या फ्रीजमध्ये बर्फाला जागाच नसते, खाली-वर सगळा खवाच. मी एक पिशवी उचलली. आईच्या जुन्या लुगड्याचं धुतलेलं फडकं दोन पदरी करून तिला गुंडाळलं, बाजेवर कुशीवर झाले आणि ठेवली.

पहिल्या मिनिटाला काहीच कळलं नाही. मग ठणका एक एक पाऊल मागं सरकायला लागला. बर्फ कडक असतो, टोचतो. खवा तसा नसतो, जरा मऊ पडतो आणि जागा बघून बसतो. दहा मिनिटांत मला घाम, शेगडी, बारावा दिवस, काही आठवेना. खरं सांगते, लग्नाच्या पहिल्या वर्षातही मला इतकं सुख झालं नव्हतं.

मग माझा तो उद्योगच झाला. आई हौदावर गेली की पिशवी बाहेर, दहा मिनिटं, पुन्हा फ्रीजमध्ये. तिसऱ्या दिवशी साबण विसरला म्हणून आई मध्येच परत आली.

ती दारात उभी राहून बघत होती. "काय हाय ते?"

"खवा."

"कुठं ठिवलायस?"

"खाली," मी म्हणाले.

आता दोन गुन्ह्यांची एकदम झाडाझडती होणार, हे मी धरून चालले. एक बाळंतिणीनं गार लावल्याचा आणि दुसरा अन्नाचा असा वापर केल्याचा. पण आई जवळ आली, बाजेशी तिच्या पद्धतीनं कलून बसली आणि फडकं बाजूला करून बघितलं. घरातल्या कुणी तिथं बघायची ती पहिलीच वेळ. सूज उतरलीय, म्हणाली. कधीपासून ठेवतेस, वात नाही ना आला, अंग नाही ना भरून आलं, असं सगळं विचारून घेतलं. मग चिमट्यानं शेगडी बाजेखालून ओढली आणि दाराशी नेऊन ठेवली.

"हितं ऱ्हाऊ दे धुपत," ती म्हणाली. "येनाऱ्या-जानाऱ्याला दिसाया पायजे."

मग देव्हाऱ्यातला लाल नाडा आणून तिनं माझ्या पिशवीला बांधला, म्हणजे ती चुकून गाडीत जायला नको. सोलापूरची माणसं थोडक्यात वाचली. आई इतकी लवकर कशी वळली हे मला तेव्हा कोडंच होतं, पण मी विचारलं नाही. मिळालेला खवा कोण परत करतंय.

तिथून पुढं सूत्रं आईनं हातात घेतली. पिशवी ती काढायची, ती गुंडाळायची, दहा मिनिटं झाली की ती उचलायची. सूज ओसरल्यावर कोमट पाण्याची पाळी आली, तेव्हा तिनं अण्णांना ईटहून नवं घमेलं आणायला लावलं. कशाला, तर दुपटी भिजवायला. अण्णांनी पुढं काही विचारलं नाही. म्हशीला कुठं काय झालंय हे अण्णा पाच माणसांत हात लावून दाखवतील, पण लेकीचा विषय खाली जातोय असं दिसलं की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागतात.

घमेल्यात बसणं हा काही देखणा प्रकार नाही. गुडघे छातीशी, पाय बाहेर, अंगावर लुगडं पांघरलेलं आणि मध्ये मी. आई कोपर बुडवून पाणी बघायची आणि मग तिथंच बसून राहायची. बरं वाटतंय का, विचारायची. आत कसं वाटतंय, ओढ कमी होते का, असंही विचारायची. रोज तेच प्रश्न. मला वाटायचं काळजीनं विचारते. एकदा मी तोंड घट्ट मिटून आवळायचा-सोडायचा व्यायाम करत होते, तर म्हणाली काय झालं, पोटात दुखतंय का. मी सांगितलं काय करतेय ते. ती पदर तोंडाला लावून हसत बाहेर गेली.

अकराव्या दिवशी आम्ही दार लावून पाटावर तालीम केली. बाजेच्या कडेवर मी चहा संपेपर्यंत सरळ बसू शकत होते. पण पुरती मांडी घातली की टाके ताणायचे. मी वीसपर्यंत मोजलं आणि डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणाली, ऊठ. एवढंच.

बारशाच्या सकाळी अण्णा पेढ्यांची परात घेऊन आत आले. सगळे पेढे त्यांनी स्वतः वळले होते. परात ठेवून त्यांनी खिशातून लाल नाडा काढला आणि आईच्या हातात दिला.

"तू बाजूला ठिवलेलाच घेतला बग पेढ्याला," ते म्हणाले. "नाडा बांदलाय म्हनल्यावर चांगला म्हनूनच ठिवला आसंल. लई झ्याक निघाला."

आईनं नाडा कमरेला खोचला. अण्णा बाहेर गेले. आम्ही दोघी परातीकडं बघत राहिलो. शंभर-सव्वाशे माणसं जेवायला होती, दुसरे पेढे करायला वेळ नव्हता आणि अण्णांना सांगायचं तर काय सांगायचं? पिशवी कुठं फुटलेली नव्हती, आई हळूच म्हणाली. वर दोन पदरी कापड होतं, मी म्हणाले. शिवाय अण्णांनी साखर घालून परतलाय, ती म्हणाली. एवढ्यावर आम्ही खवा शुद्ध ठरवला.

सासूबाई दुपारी आल्या. त्यांचा आवाज मोठा आहे आणि मतं त्याहून मोठी. त्यांनी नातीला घेतलं, नाक आपल्यावर गेल्याचं जाहीर केलं आणि दोन पेढे खाल्ले. असा खवा कळंबात मिळत नाही, म्हणाल्या. (त्यांना वाचायचा कंटाळा आहे म्हणूनच मी हे सगळं लिहू शकतेय.) पाळणा झाला, कानात नाव सांगून झालं आणि देव्हाऱ्यापुढं पाट मांडला गेला. खोलीत वीसेक बायका, सगळ्यांच्या नजरा पाटावर.

"बस बाई मांडी घालून," सासूबाई म्हणाल्या.

मी एक पाय दुमडला. दुसरा दुमडायला लागले आणि तिथंच अडकले. खाली जाता येईना, वर येता येईना. कपाळाला घाम आला. आई भिंतीशी कलून बसली होती. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, कारण मी नापास केलं असतं ते तिला. दात आवळले आणि आणखी जरा वाकले. तेवढ्यात ती हाताचा टेका घेऊन उठली.

"ती न्हाय बसनार मांडी घालून," आई म्हणाली.

सासूबाईंनी विचारलं, का, काय झालं.

"टाके हायत तिला," आई म्हणाली. "हिच्या बारशाला म्या बसले हुते. सासू म्हनली म्हनून. तवा आतनं जे उसवलं, ते उसवलंच."

माझी आई बायकांच्या भरल्या खोलीत हे बोलली. जी बाई अण्णांपुढं घमेल्याचं कारण सांगत नाही, ती. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं, आणि मला वाटतं सगळ्यांना एकदमच कळलं, ती इतकी वर्षं अशी का बसते ते. मला सर्वांत शेवटी कळलं. "च्या घ्या की" आठवलं, हसणारे पाहुणे आठवले आणि त्यांच्यात हसणारी आई आठवली. मला लाज वाटली. इतकी, की पाय अर्धवट दुमडलेला होता हेही विसरले.

सासूबाई पेढा चघळायच्या थांबल्या होत्या. त्यांनी आईकडं बघितलं, माझ्या गुडघ्याकडं बघितलं.

"मग हुभ्यानं भरू की," त्या म्हणाल्या. "वटीला पदर लागतूय. मांडी कशाला पायजे?"

आणि त्यांनी खरंच माझी ओटी उभ्यानं भरली. नारळ पदरात पडला आणि कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, तिला तिसऱ्या लेकराच्या वेळी महिनाभर शेतात उभ्यानंच भाकरी खावी लागली. दुसरी म्हणाली, मी तर अजून एसटीत बसताना चप्पल काढून एका कुल्ल्याखाली घेते. मग धरणच फुटलं. ज्या बायकांनी बारा दिवस मला नाकाशिवाय दुसरं काही विचारलं नव्हतं, त्या आता आपापल्या टाक्यांचे, चिरल्याचे, उसवल्याचे किस्से सांगायला लागल्या आणि हसून हसून डोळे पुसायला लागल्या. मांडवातली पुरुषमंडळी आवाज ऐकून दाराशी आली आणि विषय कानावर पडताच आल्या पावली गेली.

"पन हिला उतार लवकर पडला बगा," सासूबाई आईला म्हणाल्या. "कशानं पडला?"

आईला देव्हाऱ्यापुढं खोटं बोलता येत नाही. "खव्यानं," ती म्हणाली.

"खाऊन?"

आईनं माझ्याकडं बघितलं.

"व्हय," मी म्हणाले, "खाऊन."

सासूबाईंनी तिसरा पेढा उचलला.

दीड महिन्यानं माझी तपासणी होती. मी तालुक्याला न जाता आईला घेऊन धाराशिवला एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. आईला सांगितलं होतं, बाळाला धरायला ये. माझं बघून झालं, सगळं भरून आलं होतं. मग मी बाळाला घेतलं आणि म्हणाले, आता हिला बघा. आई दाराकडं निघाली. मला काही झालं नाही, माझं आता वय झालं, तुझ्या पैशाची नासाडी, सगळं बोलून झालं. मी दारात उभी राहिले. शेवटी ती खुर्चीवर बसली, एका बाजूला कलून.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून दुखतंय.

आई माझ्याकडं वळली. "तुझं वय किती गं आता?"

"अठ्ठावीस."

"मग तेवढंच," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी आईला आत नेलं, नीट तपासलं. इतक्या जुन्या दुखण्याचं सगळंच जाईल असं नाही, म्हणाल्या, पण पुष्कळ कमी होईल. कोमट पाण्यात बसायचं. बसताना टॉवेलच्या दोन गुंडाळ्या करून मांड्यांखाली घ्यायच्या, म्हणजे मधल्या भागावर भार येत नाही. आणि एक व्यायाम रोज करायचा, दोन महिन्यांनी परत यायचं, मग बघू. व्यायाम त्यांनी समजावून सांगितला. आई मान हलवत ऐकत होती. हे तर हिनं मला दाखवलं होतं, म्हणाली, मीच येड्यासारखी हसले.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. दवाखान्यासमोरच्या दुकानातून घेतलेले दोन टॉवेल मी गुंडाळून तिच्याखाली दिले. ती जपून टेकली, जरा हलली आणि मग दोन्ही बाजूंवर सारखा भार देऊन सरळ बसली. मी आयुष्यात पहिल्यांदा आईला सरळ बसलेली बघत होते. ती माझ्यापेक्षा उंच आहे हे मला माहीतच नव्हतं. मला रडू यायला लागलं, म्हणून मी बाळाचं टोपडं सारखं करत बसले.

गाडी धाराशिवबाहेर पडली. आईनं तोंड घट्ट मिटलं आणि नजर समोर लावली. तेवढ्यात कंडक्टर आला. कुठं जायचं, त्यानं तिला विचारलं. ती बोलेना. त्यानं पुन्हा विचारलं, आजी, कुठं?

"थांबा वाईच," आई श्वास न सोडता म्हणाली, "धा हू द्या."

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. मला काही बोलता येईना, मीही सातवर होते.